दिवाळी ते पोळा: खेड्यातल्या घरी हाय-फाय ॲम्प्लिफायर

सर्व्हिस सेंटरने ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून आणि तपासणीचे शुल्क वसूल करून ॲम्प्लिफायर परत पाठवला, तेव्हा हा अनुभव सविस्तर लिहायचे ठरवले. ॲम्प्लिफायर 75 वॅटचा, क्लास एबी पद्धतीचा आणि टोरॉइडल, म्हणजे कड्याच्या आकाराच्या ट्रान्सफॉर्मरचा आहे; बाकीची माहिती माहितीपत्रकात मिळते, म्हणून येथे देत नाही. त्याच्या स्वराबद्दल माझी काहीही तक्रार नाही. मला लिहायचे आहे ते त्याच्या जागेविषयी आणि विजेच्या लाइनविषयी, कारण आर्वी तालुक्यातल्या आमच्यासारख्या गावात या दोन गोष्टींचा विचार स्पीकरच्याही आधी करावा लागतो.

तक्रार एकच आहे, पण ती माझ्या दृष्टीने लहान नाही. रात्री साडेदहा-अकरानंतर ट्रान्सफॉर्मर घुमू लागतो. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी हा आवाज तितकाच राहतो आणि स्पीकरच्या तारा काढल्या तरी थांबत नाही. म्हणजे तो स्पीकरमधून येत नसून ॲम्प्लिफायरच्या पेटीतून येतो. आपल्याकडची वीज 50 हर्ट्‌झची असल्यामुळे ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याची थरथर दुप्पट, म्हणजे 100 हर्ट्‌झची असते. काळी एकमध्ये लावलेल्या तानपुऱ्याचा मंद्र पंचम सुमारे 104 हर्ट्‌झवर बोलतो. हे दोन नाद शेजारी आले की सेकंदाला चारएक हेलकावे ऐकू येतात, आणि विलंबित ख्यालाच्या सुरुवातीला, गायक षड्जावर स्थिरावत असताना, नेमका तानपुराच उतरल्यासारखा वाटतो. सिनेसंगीत ऐकणाऱ्याच्या हे लक्षातही येणार नाही. मी मुख्यतः ख्यालच ऐकतो, त्यामुळे माझ्यासाठी हा दोष सगळ्या गुणांवर पाणी फिरवणारा होता.

सर्व्हिस सेंटरच्या टेबलावर ॲम्प्लिफायर शांत होता, हे खरेच असावे, कारण तिथे त्याला 230 व्होल्ट मिळत होते. माझ्याकडे मल्टीमीटरने मोजले तर संध्याकाळी 185 आणि रात्री उशिरा 258 व्होल्ट भरत होते. आमच्या डीपीवर, म्हणजे गावाला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, गावठाणाबरोबर लगतच्या विहिरींचे कृषी पंपही आहेत. पंप चालू असेपर्यंत व्होल्टेज दबलेले असते. शेतीच्या थ्री फेज विजेची पाळी संपून पंप बंद झाले आणि गावही झोपले की ते वर चढते. टोरॉइडल गाभ्यात हवेची फट नसते, म्हणून तो ठरावीक मर्यादेपर्यंत अगदी शांत राहतो आणि ती मर्यादा जवळ आली की एकदम घुमतो. हे सगळे आकडे वेळेनिशी लिहून मी यंत्रासोबत पाठवले होते. त्या कागदाकडे कोणी पाहिले असते आणि व्हेरियाकवर (व्होल्टेज हवे तसे कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर) 255 व्होल्ट देऊन दहा मिनिटे ऐकले असते, तर शुल्क आणि येण्या-जाण्याचा खर्च दोन्ही वाचले असते. ग्राहक खेड्यातला आहे म्हणून त्याची मोजमापे वाचायची नाहीत, ही वृत्ती मला मान्य नाही.

एप्रिलपर्यंत माझे ठाम मत होते की चांगल्या ॲम्प्लिफायरमागे स्टॅबिलायझर लावू नये, त्याने स्वराचा जोर दबतो. ते मत आता राहिलेले नाही. गावात सगळे कमी व्होल्टेजला घाबरतात, पण 185 व्होल्टवर ॲम्प्लिफायरची कमाल शक्ती 75 वरून सुमारे 48 वॅटवर येते, इतकेच. घरातल्या ऐकण्याला त्यातला थोडाच भाग लागतो. खरा धोका जास्त व्होल्टेजचा आहे. माझ्या यंत्रात डीसी पुरवठा 44 व्होल्टचा आणि फिल्टर कपॅसिटर कमाल 50 व्होल्ट सोसणारे आहेत. बाहेर 258 आले की आत 49 च्या पुढे जातात, म्हणजे कपॅसिटर अगदी काठावर उभे राहतात. फ्रिजचे काही स्टॅबिलायझर कमी व्होल्टेज वाढवून देतात, पण जास्त झाले की सरळ पुरवठा तोडतात, त्यामुळे ते येथे उपयोगाचे नाहीत. रिलेचा (आपोआप चालणाऱ्या स्विचचा) स्टॅबिलायझर व्होल्टेज टप्प्याटप्प्याने बदलतो आणि प्रत्येक टप्प्याला स्पीकरमध्ये टक् असा आवाज येतो. शेवटी तांब्याच्या वाइंडिंगचा, दोन्ही बाजूंनी सावरणारा 2 केव्हीएचा सर्वो, म्हणजे मोटरने व्होल्टेज सलग सावरणारा स्टॅबिलायझर घेतला. दोन क्विंटल कापसाचे पैसे त्यात गेले आणि ते देताना जीवावर आले होते. पण पहिल्याच रात्री घुमणे थांबले आणि तानपुरा तानपुऱ्यासारखा ऐकू आला. सर्वोची मोटर स्वतः किरकिरते, म्हणून तो ओसरीत ठेवून तिथून वेगळी तार आत आणली आहे.

आता जागेविषयी. सुरुवातीला घरच्यांच्या सोयीने ॲम्प्लिफायर भिंतीतल्या सागवानी कपाटात होता. लाकडी फळी ट्रान्सफॉर्मरची थरथर उचलून मोठी करते, आणि तीन बाजूंनी बंद असलेल्या कपाटात ऊन नसतानाही उकाडा होतो. आता विटांच्या दोन बुटक्या थरांवर शहाबादी फरशी ठेवून त्यावर तो ठेवला आहे. वर वीतभर आणि मागे चार बोटे जागा मोकळी आहे. मे महिन्यात आमच्या खोलीत दुपारी 40 अंश सहज भरतात. हीटसिंक (आतली उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) खोलीपेक्षा 25 अंशांनी तापतो असे धरले तरी तो 65 वर जातो, आणि कपॅसिटरचे आयुष्य दर 10 अंशांच्या वाढीला साधारण निम्मे होते. त्यामुळे उन्हाळ्यात दुपारी ॲम्प्लिफायर बंद ठेवणे हाच शहाणपणा आहे.

कूलरचा झोत थेट त्याच्यावर येऊ देऊ नये. ताट्यांमधून उडणारे थेंब क्षारयुक्त असतात. कूलरच्या समोरच्या खिडकीच्या गजांवर पांढरा थर कसा साचतो ते पाहिले, तर तोच थर सर्किटवर बसलेला कसा दिसेल याची कल्पना येते. शिवाय कूलर चालू असताना आलापातला बारकावा ऐकूच येत नाही. उन्हाळाभर मी पहाटे पाचला ऐकत होतो आणि त्या वेळी खोली, लाइन आणि कान तिन्ही उत्तम असतात.

रेकॉर्ड प्लेअर ॲम्प्लिफायरवर किंवा त्याला चिकटून ठेवू नये. एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) काडतुसाचा, म्हणजे सुई बसवलेल्या भागाचा, संकेत जेमतेम 5 मिलिव्होल्टचा असतो आणि ट्रान्सफॉर्मरचे क्षेत्र त्यात सहज मिसळते. तबकडी थांबवून, सुई वर असतानाच व्हॉल्यूम वाढवावा आणि प्लेअर हळूहळू लांब नेत गुणगुण कुठे संपते ते पाहावे. माझ्याकडे ती दोन फुटांवर संपली.

अर्थिंगकडे मात्र वर्षभर लक्ष ठेवावे लागते. आमच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, इलेक्ट्रोडभोवतीची माती सुटते आणि न्यूट्रल ते अर्थ व्होल्टेज वाढते. मीठ-कोळशाचा खड्डा असला तरी मे महिन्यात त्यात एक दिवसाआड बादलीभर पाणी ओततो. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिन काढून टाका, असा सल्ला सर्रास मिळतो. तो कोणीही ऐकू नये, धातूच्या पेटीत लाइन उतरली तर तीच पिन जीव वाचवते.

पावसाळ्यात ॲम्प्लिफायर रोज तासभर तरी चालू ठेवावा, म्हणजे आतला दमटपणा निघतो आणि रिलेचे संपर्क काळे पडत नाहीत. विजा चमकू लागल्या की स्टॅबिलायझरवर विसंबू नये. मुख्य प्लग तर काढावाच, पण सेट-टॉप बॉक्स ॲम्प्लिफायरला जोडलेला असेल तर डिशची केबलही काढून ठेवावी, कारण छपरावरून आत येणारी ती तार बहुतेक घरांत तशीच राहून जाते.