कार्बन डायऑक्साइड दाखवतो, मोजत नाही: हातातल्या फ्ल्यू गॅस ॲनालायझरबद्दल

राज्यातले उद्योग मिळून किती कार्बन डायऑक्साइड सोडतात, हा हिशेब आम्ही करतो तो बराचसा कागदावरच. किती इंधन जाळलं ते घ्यायचं, त्याला उष्मांकाने आणि उत्सर्जन गुणांकाने गुणायचं. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांची हवामान बदलावरची समिती) २००६ च्या मार्गदर्शिकेत बिटुमिनस कोळशाला दर टेराज्यूल उष्णतेमागे ९४.६ टन कार्बन डायऑक्साइड, नैसर्गिक वायूला ५६.१ टन असे आकडे दिलेलेच आहेत. तरी रजिस्टरातला कोळसा आणि भट्टीत गेलेला कोळसा नेहमी जुळतोच असं नाही. मोठ्या चिमण्यांवर पडताळणी करायची म्हणून हे फ्ल्यू गॅस ॲनालायझर, म्हणजे चिमणीच्या धुरातले वायू तपासणारं यंत्र घेतलं. कंपनीचं नाव देत नाही. याच धाटणीची बरीच यंत्रं बाजारात आहेत आणि गोम सगळीकडे सारखीच आहे.

आधी चांगलं सांगतो. यंत्र दणकट आहे. उन्हातही स्क्रीन वाचता येतो. पाणी जमा होणारी बाटली बाहेरून दिसते, त्यामुळे ती भरून पंपात पाणी जायच्या आत लक्षात येतं. चिमणीच्या शिडीवर एका हाताने कठडा धरून वापरता येईल इतकं ते हलकं आहे.

आता कार्बन डायऑक्साइडकडे येऊ. यंत्र सुरू केलं की आधी इंधन विचारतं. एका कोळशाच्या बॉयलरवर प्रोब (धूर ओढून घेणारी नळी) चिमणीत असताना मी मुद्दाम इंधन बदलून पाहिलं. ऑक्सिजन ६ टक्के, तो हलला नाही. ‘कोळसा’ निवडलं तेव्हा कार्बन डायऑक्साइड १३.२ टक्के. ‘नैसर्गिक वायू’ केलं, ८.४! चिमणीत तोच धूर, त्याच क्षणी. म्हणजे आत कार्बन डायऑक्साइडचा सेन्सरच नाही. यंत्र ऑक्सिजन मोजतं, हवेतल्या २०.९ टक्क्यांपैकी किती वापरला गेला ते काढतं आणि त्या प्रमाणाला निवडलेल्या इंधनाच्या धुरात जास्तीत जास्त जितके टक्के कार्बन डायऑक्साइड असू शकतो त्या आकड्याने गुणतं. माहितीपत्रकात मात्र ‘CO₂’ हा रकाना ऑक्सिजनच्या शेजारी, त्याच ठळक अक्षरांत छापलाय. विक्रेत्याला विचारलं तर म्हणाला, “सर, बॉयलरवाल्यांना एवढं पुरतं.”

त्यांना पुरतं हे खरंच. हवा कमी-जास्त करायला ऑक्सिजन कळला की झालं. पण चुन्याच्या किंवा सिमेंटच्या भट्टीवर हे गणित कोसळतं. तिथे चुनखडी तापून फुटते आणि शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटच्या दर टनामागे ४४० किलो कार्बन डायऑक्साइड दगडातूनच सुटतो. त्यासाठी ऑक्सिजन खर्च होत नाही, त्यामुळे यंत्राला त्याचा पत्ताच लागत नाही. सिमेंटमध्ये तर निम्म्याहून जास्त उत्सर्जन या दगडाचंच असतं.

याच यंत्राला इन्फ्रारेड सेन्सरचं मॉड्यूल जास्तीचे पैसे भरून मिळतं. कार्बन डायऑक्साइड ४.२६ मायक्रॉनच्या आसपासचे किरण शोषतो, त्यावरून तो खरोखर मोजला जातो. आमच्या कामाला तेच हवं.

तरीही टक्केवारी म्हणजे टन नव्हे. धुराचा वेग लागतो, चिमणीचं क्षेत्रफळ, तापमान, दाब लागतो. वेग मोजायला सोबत मिळालेली पिटॉट नळी साधी, बारीक भोकांची. धुळीच्या चिमणीत ती लगेच बुजली. अशा ठिकाणी मोठ्या भोकांची, एस प्रकारची नळी लागते, ती वेगळी घ्यावी लागली. शिवाय बाटलीत पाणी गळून गेल्यावर जे उरतं ते यंत्र वाचतं, म्हणजे टक्केवारी कोरड्या वायूची. वेग मात्र ओल्या धुराचा. धुरात १० टक्के बाष्प असेल आणि दोन्ही आकडे सरळ गुणले, तर टनेज ११ टक्क्यांनी फुगतं. याबद्दल मॅन्युअलमध्ये एक ओळ आहे, तीही परिशिष्टात.

चिपाड किंवा भुसा जाळणाऱ्या बॉयलरवर तर इन्फ्रारेड सेन्सरही अर्धवट कामाचा. राज्याच्या एकूण बेरजेत जैविक इंधनाचा कार्बन डायऑक्साइड धरत नाहीत, तो वेगळा नोंदवतात. कोळसा आणि भुसा एकत्र जाळला तर कुठला रेणू कशाचा हे सेन्सर काय सांगणार? तिथे पुन्हा इंधनाचं रजिस्टर उघडावंच लागतं.

बॉयलर ट्यूनिंगसाठी पाचपैकी चार तारे. उत्सर्जनाच्या हिशेबासाठी, मूळ रूपात, एक. घेणार असाल तर कोटेशनमध्ये ‘CO₂ प्रत्यक्ष मोजणी, इन्फ्रारेड’ हे शब्द लिहून घ्या, एस पिटॉट त्यातच मागा आणि स्पॅन गॅसचं (सेन्सर जुळवून घ्यायला लागणाऱ्या, प्रमाण माहीत असलेल्या वायूचं) सिलिंडर कोण पुरवणार तेही विचारून ठेवा.