जड स्टिअरिंग: बुश बदलावेत, बॉक्स उघडावा की पॉवर बसवावं?

जुन्या ट्रॅक्टरचं स्टिअरिंग जड झालं की गावात तीन सल्ले मिळतात. पुढचे बुश बदल, स्टिअरिंग बॉक्स उघड, नाहीतर सरळ पॉवर स्टिअरिंग बसव. शेवटचा सल्ला सगळ्यात महाग, पण हल्ली लोक आधी तोच ऐकतात. मेकॅनिकल स्टिअरिंगचा, टू-व्हील ड्राइव्ह, ३५-४५ एचपीचा ट्रॅक्टर असेल तर एका तासात दोष कुठे आहे ते कळतं. पैसा काढायचा तो त्यानंतर.

आधी पुढच्या टायरची हवा बघा. ६.००-१६ च्या टायरला साधारण २५ ते ३० पीएसआय लागते, नेमका आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तकात असतो. हवा ठीक असेल तर मागच्या चाकांना दगड लावा, पुढचा एक्सल जॅकवर उचलून खाली भक्कम ठोकळे द्या आणि ड्रॉप आर्मपासून (स्टिअरिंग बॉक्समधून बाहेर येणारा दांडा) ड्रॅग लिंक (तिथून चाकाकडे जाणारी सळई) सोडवा. काही ट्रॅक्टरना दोन्ही बाजूंना ड्रॅग लिंक असते, तिथे दोन्ही सोडवायच्या. आता स्टिअरिंग फिरवा, मग पुढचं चाक हाताने वळवा. जे जड लागेल, दोष तिकडे.

चाक जड असेल तर किंगपिन, म्हणजे पुढचं चाक जिच्यावर वळतं ती उभी पिन. पुढचे बुश तिच्याभोवतीच असतात. भात चिखलणीच्या ट्रॅक्टरमध्ये बहुधा हेच निघतं. पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं, आणि पिन बाहेर काढली की एका अंगाने झिजलेली, तांबूस गंज धरलेली दिसते. ग्रीस मारताना एक्सल जॅकवर घेतलेला बरा. वजन खाली असताना थ्रस्ट बेअरिंगच्या (पिनवरचा उभा भार झेलणारं बेअरिंग) फटीत ग्रीस पोचत नाही, नुसतं बाजूने बाहेर येतं. जॅकवर घेऊन जुनं काळं ग्रीस निघून नवं दिसेपर्यंत गन मारली तर कित्येकदा एवढ्यावरच भागतं. नाही भागलं तर पिन, बुश आणि थ्रस्ट बेअरिंग एकदमच बदला. बुश ठोकून बसवल्यावर रीमर मारायला, म्हणजे त्याचं भोक पिनच्या मापाला तासायला लावा. ते टाळलं की नवा माल घालूनही स्टिअरिंग पहिल्यापेक्षा घट्ट होतं, आणि मिस्त्री म्हणतो, ‘चालून मोकळं होईल.’

स्टिअरिंगच जड असेल तर बॉक्स. सील गेल्याने तेल उतरलेलं असतं, किंवा गळती थांबावी म्हणून कुणीतरी आत ग्रीस भरलेलं असतं. ग्रीस दात्यांपासून बाजूला सरकतं ते परत येत नाही, दाते कोरडेच फिरतात. प्ले (स्टिअरिंगचा ढिलेपणा) काढायला बॉक्सवरचा स्क्रू जास्त आवळला असेल तर चाकं सरळ असतानाच जास्त अडतं. स्क्रू आणि तेल हे स्वस्तातलं काम. दाते आणि बेअरिंग गेली असतील तर मात्र खर्च बुशच्या पुढे जातो.

पॉवर स्टिअरिंगच्या किटमध्ये पंप, ऑर्बिटल युनिट (स्टिअरिंग फिरेल तसं तेल सिलिंडरकडे सोडणारा भाग), सिलिंडर, टाकी आणि होज येतात. पुढे लोडर किंवा डोझर असेल, किंवा दिवसभर छोट्या वावरात वळणं घ्यायची असतील तर किट जरूर घ्या. हात आणि खांदे वाचतात. पण अडकलेल्या किंगपिनवर तो इलाज नाही. सिलिंडर जोराने ढकलतो, हाताला हलकं लागतं, आणि सगळा ताण टाय रॉडचे (दोन्ही पुढची चाकं जोडणारी सळई) एंड व स्टिअरिंग आर्म सोसतात. इंजिन बंद पडलं की गाडी पूर्वीपेक्षा जड.

उसाची ट्रॉली जोडल्यावर स्टिअरिंग हलकं झालं म्हणून दोष गेला असं समजू नका. पुढचा भार उचलला जातो म्हणून तसं लागतं, आणि तो प्रकार धोक्याचाच. पारख मोकळ्या ट्रॅक्टरवर करा.

माझ्या मते शंभरातल्या बहुतेकांनी आधी किंगपिनचा खर्च करावा. त्यानंतर किट घ्यायचाच असेल तर पंप कशावर चालणार ते विचारून घ्या. पट्ट्यावर चालणारा असेल तर पट्टा ओला किंवा ढिला झाला की घसरतो, आणि वळणावर नेमकं तेव्हाच स्टिअरिंग अडतं. गिअरवरचा पंप बसत असेल तर तोच मागा.