जुन्या कपड्यांपासून बनलेले कपडे, देवगडात सात महिने वापरल्यावर

गुढीपाडव्याला ऑनलाइन तीन नग मागवले होते, माझा कुर्ता, नवऱ्याचा फुल शर्ट आणि मुलाची खेळायची जर्सी, तिन्हींवर 'रिसायकल्ड' लिहिलेलं. आता तुळशीचं लग्न झालं, मधे आंब्याचा सीझन, अख्खा पावसाळा आणि गणपती होऊन गेले, म्हणजे सात महिन्यांच्या वर झाले, म्हणून लिहितेय. कंपनीचं नाव देत नाही, मला कापडाबद्दल सांगायचंय.

घेताना मला वाटलं होतं की कोणाच्या तरी जुन्या साड्या-शर्टांपासून हे बनलंय. आमच्याकडे आजीच्या लुगड्यांच्या गोधड्या अजून आहेत, त्यामुळे ती कल्पनाच आवडली होती. पण व्हॉट्सॲपवर विचारलं तेव्हा कळलं की तिघांचं मूळ वेगळं. कुर्ता तामिळनाडूतल्या तिरुपूरच्या होजियरी कारखान्यांत टी-शर्ट बेतताना ज्या चिंध्या उरतात त्यांच्यापासून, म्हणजे ते कापड कोणी अंगात घातलेलंच नाही. जर्सी पाण्याच्या प्लास्टिक बाटल्यांपासून. आणि शर्ट तेवढा खरोखर वापरलेल्या कपड्यांचा, पानिपतच्या सुताचा. हरियाणातल्या पानिपतला देशविदेशातले टाकलेले कपडे येतात, तिथे बटणं-चेन काढून रंगानुसार ढीग करतात, मशीनवर पिंजून परत तंतू करतात आणि सूत काढतात, त्याला शॉडी म्हणतात. मूळ पद्धत जुनी आहे, इंग्लंडात यॉर्कशायरमधल्या बॅटलीला १८१३ च्या सुमारास बेंजामिन लॉ नावाच्या माणसाने लोकरीच्या चिंध्यांवर सुरू केली. पानिपतला त्याचे जास्त करून ब्लँकेट होतात, शर्टाचं कापड कमी.

आता वापराचं. शर्टापासून सुरुवात करते कारण सगळ्यात जास्त त्याच्याबद्दलच सांगण्यासारखं आहे.

शर्ट १,४५० ला पडला. हातात घेतला तर जाड, थोडा खरखरीत, राखाडी-निळा मिश्र रंग. आत लेबल ६०% रिसायकल्ड कॉटन, ४०% पॉलिस्टर, पण बाहेरच्या पुठ्ठ्याच्या टॅगवर मात्र '१००% रिसायकल्ड'. हे मला अजिबात पटलं नाही, मेल टाकला, बारा दिवसांनी उत्तर आलं की पॉलिस्टरपण रिसायकल्डच आहे, मग तसं लिहायला काय हरकत होती? रिसायकल्ड मालाला सर्टिफिकेट देण्यासाठी ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्ड म्हणून एक मानक आहे, त्याच्या नियमात २०% रिसायकल्ड माल असला तरी सर्टिफिकेट मिळू शकतं, गिऱ्हाइकाला दिसेल असा त्यांचा लोगो लावायला मात्र किमान ५०% लागतो. म्हणून नुसता शब्द बघून घेऊ नका, टक्के वाचा.

पॉलिस्टर का घालावं लागतं तेही आता समजलं. कापूस एकदा सूत होऊन, विणून, वर्षभर धुऊन वापरलेला असतो, तो परत पिंजला की तंतू तुटून आखूड होतात आणि आखूड तंतूंचं बारीक सूत निघत नाही, जाडंच निघतं, आणि ताकदीसाठी त्यात नवा कापूस नाहीतर पॉलिस्टर मिसळावं लागतं. शर्टाचं जे जे काय झालं ते सगळं यातूनच. दुसऱ्या महिन्यात काखेत आणि खिशाखाली सुताचे बारीक गोळे धरले, तंतूंची आखूड टोकं बाहेर येऊन वळतात आणि पॉलिस्टरमुळे ते गोळे गळून पडत नाहीत, धरूनच राहतात. उलटा करून धुवायला लागल्यापासून बरेच कमी झाले. पहिल्या धुण्यात बाही अर्धा इंच आटली. ओला हँगरला लावला तर पाण्याच्या वजनाने खाली लोंबतो, म्हणून आता दोन दोऱ्यांवर आडवा घालते.

पण रंग! सात महिन्यांत रंग जराही उतरला नाही. रंगानुसार ढीग करून पिंजतात त्यामुळे परत रंगवावंच लागत नाही, त्याचं पाणीही वाचतं. नवरा एप्रिल-मेमध्ये कलमांच्या बागेत हाच घालून जायचा, आंबे उतरवताना चीक उडतो आणि चिकाचा डाग कुठल्याच साबणाने जात नाही हे आमच्याकडे पोराटोरांना माहीत आहे, या मिश्र रंगावर ते डाग नजरेतच येत नाहीत. तेवढ्यासाठी सुद्धा मी परत घेईन.

पावसाळ्यात मात्र हाल झाले. यंदा, म्हणजे २०२५ ला, पाऊस २५ मे लाच देवगडात हजर, अजून पेट्या भरायच्या राहिल्या होत्या. सासूबाई शर्ट बघून पहिल्याच दिवशी बोलल्या होत्या, "ह्यो पावसात काय सुकाचो नाय गो," आणि तसंच झालं. पडवीत तीन तीन दिवस दांडीवर, तरी शिवण ओलीच आणि कुबट वास. जुलैत कॉलरखाली बुरशीचे काळे ठिपके आले, लिंबू-मीठ लावून उन्हाची वाट बघितली, अर्धे गेले अर्धे आहेत. मग गणपतीपर्यंत कपाटात ठेवला, कोरडा करून. कोकणात राहणाऱ्यांनी हे कापड ऑक्टोबर ते मे याच हिशोबाने घ्यावं.

कुर्ता (१,१५०) त्यामानाने खूप चांगला. न वापरलेल्या चिंध्या असल्याने तंतू तेवढे तुटलेले नसतात, कापड मऊ आहे, गोळे जवळजवळ नाहीत. गणपतीत पाच दिवसांत तीनदा घातला, उकाड्यात घाम शोषतो. एकच तक्रार, बाजूच्या कटापाशी शिलाई उसवली, सूत जरा सैल आहे, मी घरीच आतून पट्टी लावून टाके घातले.

जर्सी ६५० ची. अर्ध्या तासात सुकते, फाटत नाही, घामाचा वास मात्र धरते. पण हिला मी कपड्यांचं रिसायकलिंग म्हणणार नाही. बाटलीची परत बाटली होऊ शकते, जर्सी झाली की पुढे तिचं काही करणं अवघड, आणि धुताना तिचे प्लास्टिकचे बारीक तंतू पाण्यात जातात, आमचं सांडपाणी शेवटी खाडीलाच मिळतं, ते डोक्यातून जात नाही. एलेन मॅकआर्थर फाउंडेशन या ब्रिटनमधल्या संस्थेच्या २०१७ च्या रिपोर्टात होतं की कपड्यांना लागणाऱ्या मालातला १% पेक्षाही कमी माल परत नवे कपडे होतो. नवऱ्याचा तो जाडा शर्ट त्या एका टक्क्यातला आहे म्हणून मला त्याचं जास्त वाटतं, गोळे धरले तरी.

दिवाळीच्या आधी बोहारीण आली होती, स्टीलचं पातेलं घेऊन मी जुने कपडे दिले आणि पहिल्यांदाच तिला विचारलं, पुढे यांचं काय करतेस? चांगले निवडून बाजारात विकते, फाटके कॉटनचे चिंधीवाल्याला, बंदरावर बोटीची इंजिनं पुसायला किलोवर जातात, म्हणाली. आणि स्ट्रेच जीन्स कोणी घेत नाही, ती पडून राहते. पिंजायलाही तसलं लवचिक सूत त्रासाचंच असतं. मी आता साध्या कॉटनचं गाठोडं वेगळं बांधायला लागलेय, बटणं आणि चेन काढून, आणि मुलाला या दिवाळीला जीन्स घेतली ती लेबल वाचून, शंभर टक्के कॉटनची.