‘पॉटी ट्रेन्ड’ पिल्लू आणि ‘नाजूक पोटा’ची सबब: पैसे देण्याआधी हे वाचा

"४५ दिवसांचं लॅब (लॅब्राडोर) पिल्लू, फुल व्हॅक्सिनेटेड, पॉटी ट्रेन्ड, घरपोच मिळेल." मुंबई, पुणे, नाशिककडच्या ग्रुपवर अशी जाहिरात सतत फिरत असते आणि लोक तिच्यावर विश्वास ठेवून आगाऊ पैसे पाठवतात. या एका ओळीत तीन गोष्टी चुकीच्या आहेत. २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांच्या, म्हणजे ५६ दिवसांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. ४५ व्या दिवशी लसीचा फार तर पहिला डोस झालेला असतो, त्यामुळे ‘फुल’ लसीकरण अशक्य आहे. आणि या वयाच्या पिल्लाचं मूत्राशयावर व आतड्यावर नियंत्रणच आलेलं नसतं, मग ते ‘ट्रेन्ड’ कुठून असणार?

ही फसवणूक बहुतेक घरांत एकाच क्रमाने घडते. विक्रेत्याकडे पिल्लू शहाण्यासारखं पेपरवर शी करताना दिसतं. घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी पातळ शी सुरू होते. सोफ्याखाली, बिछान्यावर, दिवसातून आठ-दहा वेळा. फोन केला की उत्तर ठरलेलं: "मॅडम, टेन्शन घेऊ नका, जागा बदलली की होतं. लॅबचं पोट नाजूकच असतं." तेवढ्यात ४८ तासांची ‘हेल्थ गॅरंटी’ संपते. मग तोच माणूस एका ट्रेनरचा नंबर देतो. ट्रेनर पूर्ण फी आगाऊ घेतो, आठवड्यात काही फरक पडत नाही, तेव्हा तोही पोटाकडेच बोट दाखवतो आणि एक बिनलेबलची पावडर देतो. डॉक्टरांपर्यंत पोचेस्तोवर दोन-तीन आठवडे गेलेले असतात, पिल्लाचं वजन वाढायच्या ऐवजी घटलेलं असतं. या सगळ्यात ‘नाजूक पोट’ हे दोन शब्द प्रत्येकाच्या कामी येतात, म्हणूनच ते ऐकले की सावध व्हायचं.

आधी तो पेपरवरचा डेमो समजून घ्या. पोटात अन्न गेलं की मोठं आतडं आपोआप हालचाल करतं. लहान पिल्लाला खाल्ल्यावर साधारण पाच ते तीस मिनिटांत शी होते, झोपेतून उठल्यावर शू होते. गिऱ्हाईक यायच्या पंधरा मिनिटं आधी पिल्लाला उठवून खाऊ घातलं आणि पेपरवर ठेवलं, तर जगातलं कुठलंही पिल्लू तिथेच बसेल. उलट पोट बिघडलेलं पिल्लू आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवलं, तर तुम्ही तिथे असेपर्यंत ते काहीच करणार नाही आणि ‘शांत’ दिसेल. माणसांची जुलाब थांबवणारी गोळी दिली तरी दिवसभर तसंच दिसतं. ही गोळी पिल्लांसाठी धोक्याची आहे, कारण जंतुसंसर्गात जे बाहेर पडायला हवं तेच आत अडकतं. म्हणून न सांगता वेळ बदलून जा आणि निदान दीड तास थांबा. शेपटी उचलून बघा: खालची कातडी लाल आहे का, केस चिकट आहेत का, की मागचाच भाग नुकता शाम्पूने धुतलाय? पिंजऱ्यातली बाकीची भावंडंही बघा. एकाला जुलाब असतील तर सगळ्यांना आहेत असंच धरून चाला.

पेपरबद्दल आणखी एक गोष्ट, जी फार कमी लोकांना ठाऊक असते. कुठल्या पृष्ठभागावर शी-शू करायची ही आवड पिल्लू साधारण सहाव्या ते नवव्या आठवड्यात पकडतं. लहान पिंजऱ्यात सगळीकडे पेपर पसरलेला असेल, तर पिल्लू जिथे झोपतं तिथेच घाण करायला शिकतं. कुत्र्याला स्वतःची झोपायची जागा स्वच्छ ठेवायची जी उपजत ओढ असते, तीच मोडून जाते आणि नंतर क्रेटचा, म्हणजे झोपायच्या पिंजऱ्याचा, शिकवायला उपयोग होत नाही. म्हणजे विक्रेता ज्याला ‘पेपर ट्रेन्ड’ म्हणतो, त्या पिल्लाला शिकवणं उलट जास्त अवघड असतं. चांगल्या ब्रीडरकडे झोपायचा कोपरा आणि शीचा कोपरा वेगळे दिसतात. हे बघायला पैसे लागत नाहीत, फक्त पिल्लं जिथे राहतात ती जागा दाखवा असा आग्रह धरावा लागतो. रस्त्यावर, गाडीच्या डिकीजवळ किंवा मेट्रो स्टेशनखाली पिल्लू हातात देणाऱ्याकडून ते घेऊ नका.

वय दातांवरून कळतं. कुत्र्याला दुधाचे दात २८ असतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुढचे दात आणि सुळे यायला लागतात, मागच्या दाढा नंतर येतात, आणि आठ आठवड्यांपर्यंत सहसा सगळे आलेले असतात. शित्झू, पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत थोडा उशीर होतो. ‘दोन महिन्यांचं’ म्हणून दाखवलेल्या लॅबच्या तोंडात मागच्या दाढाच नसतील, तर ते चार-पाच आठवड्यांचं आहे. एवढ्या लवकर आईपासून तोडलेल्या पिल्लाचं पोट बिघडणार हे ठरलेलंच, कारण आईचं दूध अचानक बंद होऊन त्याची जागा गाईच्या दुधाने किंवा बाळांच्या सेरेलॅकने घेतलेली असते. गाईच्या दुधात लॅक्टोजचं प्रमाण कुत्रीच्या दुधापेक्षा जास्त असतं. पोळी-दूध हा मायेने दिलेला पदार्थ आहे, पण जुलाबांचं ते एक अगदी नेहमीचं कारण आहे.

लसीचं कार्ड हातात घेऊन आकडेमोड करा. पहिला एकत्रित डोस सहा ते आठ आठवड्यांना, मग दर दोन ते चार आठवड्यांनी, आणि शेवटचा सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांना. ४५ दिवसांच्या पिल्लाच्या कार्डावर रेबीजची नोंद असेल तर वय तरी खोटं आहे किंवा कार्ड तरी. प्रत्येक डोससमोर बाटलीवरून काढलेला स्टिकर हवा, त्यावर बॅच नंबर आणि मुदत वाचता आली पाहिजे. डॉक्टरांची सही, नाव आणि पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक असलेला शिक्का हवा. सगळ्या तारखा एकाच पेनने, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या दिसल्या तर शिक्क्यावरच्या दवाखान्यात फोन करून विचारा. केनेल क्लबचा कागद वंशावळ सांगतो, तब्येत सांगत नाही. मायक्रोचिप आहे असं म्हणत असतील तर स्कॅनर लावून पंधरा अंकी क्रमांक कागदाशी जुळवून घ्या.

आता त्या नाजूक पोटात खरोखर काय असतं ते बघू. गोल जंत आईच्या गर्भातूनच पिल्लात येतात, आकडी जंत दुधातून येतात, म्हणून जंताचं औषध दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्याला व पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा द्यावं लागतं. विक्रेत्याने ‘डीवर्मिंग झालंय’ म्हटलं तरी एकदाच दिलेल्या पायरँटेल या जंताच्या औषधाने जिआर्डिया आणि कॉक्सिडिया मरत नाहीत, त्यांची औषधं वेगळी असतात. गर्दीच्या, ओल्या पिंजऱ्यांत हे दोन परजीवी सर्रास सापडतात. जिआर्डिया रोजच्या रोज शीतून बाहेर पडतोच असं नाही, त्यामुळे एका नमुन्यात काही आढळलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका, तीन ते पाच दिवसांत तीन नमुने द्या. ताजी शी, सुपारीएवढी, स्वच्छ डबीत. परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, आणि बऱ्याच खासगी दवाखान्यांतही सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी होते. ट्रेनरच्या फीपुढे हा खर्च किरकोळ आहे.

शीकडे नीट बघायला शिका. थोडी थोडी, पुन्हा पुन्हा, शेंबडासारखा चिकट पदार्थ आणि कुंथणं, असं असेल तर त्रास मोठ्या आतड्याचा असतो. कमी वेळा पण भरपूर, पाणचट आणि सोबत वजन घटणं, असं असेल तर लहान आतड्याचा. मोठ्या आतड्याचा दाह झालेल्या पिल्लाला कळ आली की चार सेकंदही थांबता येत नाही. ते हुंगत नाही, गोल फिरत नाही, आहे तिथे बसतं. त्याला ओरडून काय मिळणार? नाक शीत घासणारा ट्रेनर दिसला तर पिल्लू उचला आणि निघा. त्या शिक्षेतून पिल्लू एवढंच शिकतं की माणसासमोर शी करायची नाही, मग ते पलंगाखाली लपून करतं, आणि काही पिल्लं पुरावा नको म्हणून केल्यासारखी ती खाऊनही टाकतात.

‘सात दिवसांत गॅरंटी’ देणारे आणखी दोन युक्त्या करतात. संध्याकाळी सहानंतर पाणी बंद आणि जेवण एकच वेळ, म्हणजे घाण कमी दिसते. जुलाब असलेल्या पिल्लाचं पाणी तोडलं तर ते काही तासांत कोरडं पडतं, आणि लहान जातीच्या उपाशी पिल्लाची रक्तातली साखर घसरून त्याला झटके येऊ शकतात. दुसरी युक्ती म्हणजे पिल्लू त्यांच्या केनेलवर ठेवून घेणं. लसी पूर्ण नसलेलं पिल्लू अनोळखी कुत्र्यांत पाठवणं म्हणजे पार्व्होला, पिल्लांच्या आतड्याच्या जीवघेण्या विषाणूला, आमंत्रण. पार्व्होची लक्षणं लागण झाल्यावर साधारण तीन ते सात दिवसांनी, कधी चौदा दिवसांनीही दिसतात. ४८ किंवा ७२ तासांची हेल्थ गॅरंटी नेमकी त्याआधी संपते, आणि तिचा अर्थ तिथेच कळतो. लेखी पंधरा दिवस मागा. जो देत नाही त्याच्याकडून पिल्लू घेऊ नका.

पावडरच्या डबीवर घटक, बॅच नंबर, उत्पादनाची तारीख आणि उत्पादकाचा पत्ता नसेल तर ती पिल्लाच्या तोंडात जाऊ देऊ नका. इसबगोलासारखा तंतू असलेल्या पावडरीने शी दोन दिवस घट्ट दिसते आणि कारण आत तसंच वाढत राहतं. खऱ्या प्रोबायोटिकच्या, म्हणजे पोटाला उपयोगी जिवाणू असलेल्या औषधाच्या, वेष्टनावर जिवाणूचं नाव आणि त्यांची संख्या छापलेली असते.

खरोखर संवेदनशील पोट असलेली पिल्लं असतात, हे नाकारायचं कारण नाही. पण ते निदान शेवटी येतं. आधी परजीवी, मग खाण्याचं प्रमाण, मग अचानक बदललेला आहार, हे सगळं तपासून झाल्यावर. जास्त खाऊ घालणं हे घरोघरचं कारण आहे, म्हणून वाटीने न मोजता स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्रॅममध्ये मोजा. पाकिटावरच्या तक्त्यातलं दिवसाचं प्रमाण तीन महिन्यांपर्यंत चार वेळांत वाटा. विक्रेत्याकडून चालू असलेलं खाणं बदल पूर्ण होईपर्यंत पुरेल इतकं मागून घ्या. पहिले दोन-तीन दिवस तेच द्या, मग तीन भाग जुनं एक भाग नवं, मग अर्धं-अर्धं, मग एक भाग जुनं तीन भाग नवं, असं करत सात ते दहा दिवसांत पूर्ण बदला. डॉक्टरांनी आहार-चाचणी सुचवली तर निदान दोन आठवडे त्या एका खाण्याशिवाय काहीही नाही: बिस्किट नाही, पनीर नाही, आजीच्या हातचा पोळीचा तुकडाही नाही.

शिकवताना बक्षीस म्हणून त्याच्याच रोजच्या खाण्यातले दाणे बाजूला काढून ठेवा. बाजारातल्या चिकन स्टिक्समुळे शिकवणी चालू आणि पोट बिघडलेलं, असं होतं. उठल्यावर लगेच, खाल्ल्यावर पाच-दहा मिनिटांनी, खेळ थांबला की, आणि जागेपणी एरवी दर तासाला पिल्लाला उचलून ठरलेल्या जागी न्या. पाच-सात मिनिटं गप्प उभे राहा. शी झाल्याच्या दोन सेकंदांत दाणा द्या. रात्री अलार्म लावून एकदा-दोनदा उठावं लागतं. लसी पूर्ण होईपर्यंत सोसायटीच्या आवारात, भटकी कुत्री फिरतात त्या मातीत सोडू नका. बाल्कनीत गवताचा किंवा कृत्रिम हिरवळीचा ट्रे ठेवा. जुलाब चालू असतील त्या दिवसांत शिकवणीची अपेक्षा सोडा आणि फक्त जागा दाखवत राहा. पुसताना फिनेल नको. काळं फिनेल पिल्लासाठी विषारी आहे आणि शूचा वास त्याने जात नाही. आधी टिपून घ्या, मग शूचा वास तोडणारं एन्झाइम क्लीनर दहा-पंधरा मिनिटं राहू द्या. जिआर्डिया निघाला असेल तर शी तत्काळ उचला, जागा कोरडी ठेवा आणि औषधाच्या शेवटच्या दिवशी पिल्लाला अंघोळ घाला, नाहीतर केसांना चिकटलेल्या परजीवीची पुन्हा लागण होते.

उलटी आणि जुलाब एकत्र, शीत रक्त, किंवा पिल्लू निपचित पडलं, यांपैकी काहीही दिसलं तर रात्र काढू नका, त्याच वेळी दवाखाना गाठा.

फसवले गेला असाल तर पहिल्या २४ तासांत डॉक्टरांकडून दातांवरून वय, वजन, शीचा अहवाल आणि पार्व्होच्या चाचणीचा निकाल लेखी घ्या. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, चॅट, यूपीआयची पावती जपून ठेवा आणि विक्रेत्याकडे राज्य पशुकल्याण मंडळाचा नोंदणी क्रमांक लेखी मागा. उत्तर न येणं हाही पुरावा आहे. पैसे घेऊन पिल्लूच दिलं नसेल तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा, रक्कम गोठवण्यासाठी पहिले काही तास महत्त्वाचे असतात. बाकी तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दावा करता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. दुर्दैवाने पिल्लू दगावलं, तर शव बर्फात किंवा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून लवकरात लवकर शवविच्छेदनाला न्या. फ्रीझरमध्ये ठेवू नका, गोठलेल्या ऊतींतून आतड्याचं निदान नीट होत नाही. आणि पार्व्हो निघाला तर फरशी आधी धुऊन, मग एक भाग ब्लीच तीस भाग पाण्यात मिसळून दहा मिनिटं ओली ठेवा. मातीत हा विषाणू अनेक महिने टिकतो, त्यामुळे त्या घरात पुढचं पिल्लू आणायचं तर ते लसी पूर्ण झालेलंच असलं पाहिजे.