एपानेट, आठ महिने वापरून: फुकट आहे, पण पाइप रिकामा असतो हे त्याच्या गावीही नाही

निमित्त झालं पंपाचं. विलेपार्ल्यातली आमची सात मजली सोसायटी. दहा लिटरची बादली भरायला सातव्या मजल्यावर सकाळी सातला चार मिनिटं लागत, दुपारी एकच मिनिट. कमिटीने प्रेशर पंपाचं कोटेशन मागवलं. आकडा बघून माझ्या पोटात गोळा आला आणि मी पाइपांत कुठे किती दाब आणि किती पाणी हे गणिताने काढणारं हे अमेरिकी पर्यावरण खात्याचं फुकट सॉफ्टवेअर धरलं.

पहिला आठवडा वाया. मूळ सेटिंगमध्ये प्रवाह गॅलनमध्ये आणि व्यास इंचात असतो. मी मिलिमीटर समजून ४० लिहिलं, त्याने ४० इंच धरलं. एवढ्या भुयारात घर्षण कसलं, सगळे मजले सुखी!

एककं सुधारली तर सातव्या मजल्याच्या बाथरूममध्ये दाब (पाण्याच्या उंचीत मोजलेला) उणे २ मीटर. सेक्रेटरी म्हणाले, "म्हणजे नळ पाणी आत ओढतो का हो?" माझ्याकडे मित्राच्या पेनड्राइव्हमधली २००० सालची २.० आवृत्ती होती. तुम्ही सांगाल तेवढी मागणी ती पुरवणारच, मग दाब खड्ड्यात जावो. तेव्हा मी एक तारा देऊन मोकळा झालो होतो.

तो शब्द मागे घेतो. २०२० च्या २.२ मध्ये दाब घटला की नळाचं पाणीही घटवायची सोय आहे. ती लावली आणि आकडा बादलीशी जुळला. पाइपांच्या नुसत्या फांद्याच असतील, फिरून परत जोडणारे वळसे नसतील, तर एरवी वहीत खालून वर बेरीज करत गेलं तरी भागतं. पण पाणी दाबावर आणि दाब पाण्यावर ठरायला लागला की वहीचं काम नाही. गच्चीवरच्या टाकीखालचा सामाईक पाइप दीड इंची निघाला. दोन इंची करून पाहिला: पाइपातलं घर्षण काढायच्या हेझन-विल्यम्स सूत्रात व्यासाचा घात ४.८७, त्यामुळे तेवढ्याच प्रवाहाला घर्षण जवळपास पाव. प्लंबरने एका रविवारी तेवढाच तुकडा बदलला. आता बादली पावणेदोन मिनिटांत.

तरी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. सगळे पाइप सदैव भरलेले, असं हे धरून चालतं. सदैव! आमच्याकडे पालिकेचं पाणी पहाटे दोन तास. आधी हवा फुसफुसते, नळ खोकतो, तांबूस गुळणी टाकतो, मग कुठे धार. ही पहिली वीस मिनिटं यात मांडताच येत नाहीत. पाचला झडप उघडण्याचा नियम लिहिला, तर पाचच्या ठोक्याला खालच्या टाकीत भरधार. असं पाणी मुंबईत कुणाकडे येतं? तीन रविवार यात घालवले, बायको अजून टोमणे मारते.

तारे साडेतीन. त्यातला अर्धा पंपाचे पैसे वाचले म्हणून. गच्चीपासून खाली बिनधास्त वापरा. पालिकेच्या पाण्याच्या मीटरपासून खालच्या टाकीपर्यंतचा भाग मी फाईलमधून पुसून टाकला आहे.