अमेरिकेत राहून की मुंबईमार्गे : विवाहाधारित ग्रीन कार्डच्या वाटांची तुलना

विवाहाच्या आधारे ग्रीन कार्डसाठी अर्ज करू पाहणारी जोडपी सर्वप्रथम 'एकूण किती महिने लागतात?' असे विचारतात. प्रश्न रास्त असला, तरी केवळ त्यावरून मार्ग निवडू नये असे माझे मत आहे. कारण अमेरिकेत राहूनच अर्ज करणे आणि मुंबईतील अमेरिकी वकिलातीतून व्हिसा घेऊन जाणे, या दोन प्रमुख मार्गांच्या कालावधीत जेवढा फरक असतो, त्याहून मोठा फरक तो काळ कसा काढावा लागतो यात असतो. एका मार्गात पतिपत्नी एकत्र राहतात, पण एकाला काही महिने नोकरी करता येत नाही आणि भारतातील आजारी आईवडिलांना भेटायला जाणेही जोखमीचे ठरते. दुसऱ्यात दोघे दोन देशांत राहतात, पण भारतातील जोडीदाराची नोकरी चालू राहते आणि अमेरिकेत प्रवेश मिळाल्या दिवसापासून तो तिथला कायम रहिवासी असतो.

त्याआधी प्रायोजक जोडीदाराचा, म्हणजे दुसऱ्यासाठी अर्ज करणाऱ्याचा, दर्जा पाहावा लागतो. प्रायोजक अमेरिकेचा नागरिक असेल, तर त्याचा जोडीदार 'निकटतम नातेवाईक' ठरतो आणि या गटाला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. म्हणजे लागणारा वेळ हा निव्वळ कामकाजाचा असतो. प्रायोजक स्वतःच ग्रीन कार्डधारक असेल, तर जोडीदार एफ-२ए या वर्गात मोडतो. या वर्गाला वर्षाला सुमारे ८७,९०० व्हिसा मिळतात आणि दरमहा निघणाऱ्या व्हिसा बुलेटिनमधील तारखेकडे डोळे लावून बसावे लागते. जुलै २०१९ पासून मार्च २०२३ पर्यंत हा वर्ग खुला होता, म्हणजे तारखेची अट नव्हती. एप्रिल २०२३ मध्ये तारीख एकदम ८ सप्टेंबर २०२० वर गेली, म्हणजे त्याआधी अर्ज केलेल्यांचाच नंबर लागणार होता, आणि रांग पुन्हा सुरू झाली. भारतीयांना एक दिलासा मात्र आहे. या वर्गातील ७५ टक्के व्हिसांना देशनिहाय मर्यादा लागू होत नसल्यामुळे, नोकरीवर आधारित ग्रीन कार्डसाठी भारतीयांना जी दशकांची रांग लावावी लागते, तिची भीती इथे बाळगण्याचे कारण नाही.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या आणि ज्यांचे नोकरीवर आधारित ग्रीन कार्ड तोंडावर आले आहे अशा अविवाहितांनी इथे विशेष सावध राहावे. ग्रीन कार्ड मंजूर होण्याआधी कायदेशीर विवाह झाला असेल, तर पत्नीला किंवा पतीला त्याच अर्जाच्या आधारे आणि त्याच अग्रक्रम तारखेवर (रांगेतील जागा ठरवणारी तारीख), ती तारीख खुली असेपर्यंत, ग्रीन कार्ड मिळू शकते. विवाह मंजुरीनंतर एका आठवड्यानेही झाला, तर हा हक्क जातो, एच-४ या अवलंबित जोडीदाराच्या व्हिसाचा मार्गही बंद होतो आणि नव्या नवरीला एफ-२एच्या रांगेत उभे राहावे लागते. दिवाळीनंतरचा मुहूर्त धरून ठेवणाऱ्या घरांनी निदान नोंदणी विवाह आधी उरकून घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन; मंगल कार्यालयातील सोहळा नंतर झाला तरी बिघडत नाही. विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार नोंदणी करायची असल्यास तीस दिवसांची नोटीस लागते, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

आता मूळ तुलना. जोडीदार आधीच अमेरिकेत विद्यार्थी किंवा नोकरदार म्हणून वैधपणे राहत असेल आणि प्रायोजक नागरिक असेल, तर आय-१३० (विवाहाचे नाते सिद्ध करणारा प्रायोजकाचा अर्ज) आणि आय-४८५ (अमेरिकेत राहूनच ग्रीन कार्ड मागणारा जोडीदाराचा अर्ज) हे दोन्ही अर्ज एकत्र दाखल करता येतात. अलीकडच्या वर्षांत अशा अर्जांचा निकाल अनेक ठिकाणी साधारण वर्षभरात लागलेला दिसतो, मात्र तो स्थानिक कार्यालयावर बराच अवलंबून असतो. काम करण्याचा परवाना आणि परदेशप्रवासाची पूर्वपरवानगी, म्हणजे ॲडव्हान्स परोल, यांसाठी वेगळे अर्ज करावे लागतात. ही परवानगी हाती येण्याआधी एफ-१ विद्यार्थ्याने देश सोडला, तर आय-४८५ सोडून दिल्याचे मानले जाते. एच-१बी आणि एल-१ (कंपनीअंतर्गत बदलीचा व्हिसा) धारकांना ही अडचण नाही. ते आपल्या मूळ व्हिसावर ये-जा करू शकतात आणि कामही चालू ठेवू शकतात. म्हणूनच एच-१बी असलेल्या जोडीदारासाठी अमेरिकेतून अर्ज करण्यावाचून दुसरा विचार करण्याची गरज मला दिसत नाही.

मुंबईमार्गात आधी आय-१३० मंजूर व्हावा लागतो, ज्याला नागरिकाच्या जोडीदारासाठीही अलीकडे एक ते दीड वर्ष लागते. नंतर प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे मुलाखतीआधी कागदपत्रे तपासणाऱ्या अमेरिकी सरकारी केंद्राकडे, जाते. तिथे शुल्क, डीएस-२६० हा व्हिसाचा अर्ज आणि कागदपत्रे स्वीकारली गेली, की प्रकरण मुलाखतीच्या रांगेत लागते. या टप्प्यावरची मंडळी एकमेकांना 'डीक्यू झाले का?', म्हणजे कागदपत्रे पूर्ण ठरली का, असेच विचारतात. मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत होते. एकूण काळ जास्त असला, तरी खर्च बराच कमी येतो. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या दरांनुसार मुंबईमार्गाचे शुल्क आय-१३० चे ६७५, व्हिसाचे ३२५, आर्थिक हमीपत्राचे १२० आणि कार्डाचे २३५, असे मिळून १,३५५ डॉलर होते. अमेरिकेतून अर्ज केल्यास आय-१३० आणि आय-४८५ मिळून २,११५ डॉलर लागतात, आणि कामाचा परवाना व प्रवासपरवानगी धरल्यास ३,००५. वैद्यकीय तपासणी दोन्हीकडे वेगळी असून, अमेरिकेतील अर्जदाराने तिचा अहवाल डिसेंबर २०२४ पासून आय-४८५ सोबतच जोडावा लागतो.

नकार आल्यास काय, हा मुद्दा जोडपी सहसा विचारातच घेत नाहीत. अमेरिकेत आय-४८५ नाकारला गेला, तर फेरविचाराचा अर्ज करता येतो आणि पुढे इमिग्रेशन न्यायाधीशासमोर तो पुन्हा मांडण्याची संधी असते. वकिलातीच्या निर्णयाला न्यायालयात आव्हान देणे मात्र जवळजवळ अशक्य आहे. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मुन्योझ प्रकरणात, नागरिकाला आपल्या जोडीदाराला देशात आणण्याचा मूलभूत घटनात्मक हक्क नाही, असे स्पष्ट केले. पूर्वी व्हिसाची मुदत उलटून राहिल्याचा किंवा चुकीची माहिती दिल्याचा इतिहास असेल, तर मुंबईच्या विमानात बसण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यावाच. नागरिकाच्या जोडीदाराने वैध प्रवेश केला असेल, तर मुदत उलटून राहिल्याची चूक अमेरिकेतील अर्जात सहसा आड येत नाही. पण तोच माणूस देशाबाहेर पडला, तर तीन किंवा दहा वर्षांची प्रवेशबंदी लागू होऊ शकते. एफ-२ए वर्गाला ही सवलत नाही. पर्यटक व्हिसावर येऊन अमेरिकेतच अर्ज करण्याचा जो सल्ला ओळखीपाळखीतून मिळतो, तो ऐकू नये. येतानाच तसा हेतू होता असे ठरले, तर ते खोटे निवेदन मानले जाते. अर्ज प्रलंबित आहे एवढ्याने राहण्याचा कायदेशीर दर्जा मिळत नाही, ही भूमिका यूएससीआयएसने, म्हणजे हे अर्ज हाताळणाऱ्या अमेरिकी इमिग्रेशन खात्याने, ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा ठळकपणे मांडली आहे.

के-१ हा वाग्दत्त वधूवरांचा व्हिसा तिसरा पर्याय म्हणून सुचवला जातो. त्यात अमेरिकेत आल्यावर नव्वद दिवसांत विवाह करून मग आय-४८५ भरावा लागतो, म्हणजे व्हिसाचे आणि आय-४८५ चे अशी दोन्ही शुल्के आणि कामाच्या परवान्याची वाट पाहणे पदरी पडते. साखरपुड्याबरोबर धार्मिक विधी उरकलेले असले, तर तुम्ही आधीच विवाहित आहात अशी शंकाही येऊ शकते. महाराष्ट्रात विवाह नोंदवणे सोपे असताना हा मार्ग घेण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.

कागदपत्रांत मराठी घरांची हमखास अडचण नावाची असते. पासपोर्टवर वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव, विवाह प्रमाणपत्रानंतर नवऱ्याचे नाव आणि सासरचे आडनाव, आणि जुन्या जन्मनोंदीत बाळाचे नावच नाही, नुसते 'मुलगी', असा प्रकार सर्रास आढळतो. प्रक्रिया चालू असताना पासपोर्टवरील नाव बदलू नये आणि वापरलेली सर्व नावे अर्जात लिहावीत. जन्मनोंद सापडतच नसेल, तर नगरपालिकेचे किंवा ग्रामपंचायतीचे अनुपलब्धता प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला आणि वडीलधाऱ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे जमवावीत. आर्थिक हमीपत्रासाठी प्रायोजकाचे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के असावे लागते. ते कमी पडल्यास सहप्रायोजक अमेरिकेत राहणारा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकच हवा, भारतातील सासरे चालत नाहीत. ही हमी घटस्फोटाने संपत नाही.

कायम रहिवास मिळतो त्या दिवशी विवाहाला दोन वर्षे झालेली नसतील, तर कार्ड दोनच वर्षांचे मिळते आणि ते संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत ही अट हटवण्यासाठीचा आय-७५१ अर्ज भरावा लागतो. मुंबईमार्गाच्या लांबणीचा इथे अनपेक्षित फायदा होतो: विवाह लवकर नोंदवलेल्या जोडप्यांची दोन वर्षे व्हिसा मिळेपर्यंत भरत आलेली असतात, आणि व्हिसाच्या मुदतीत बसत असेल, तर लग्नाच्या दुसऱ्या वाढदिवसानंतर प्रवेश करून थेट दहा वर्षांचे कार्ड घेता येते.

कोणता मार्ग घ्यायचा हे पक्के ठरत नसेल, तरी आय-१३० थांबवून ठेवू नये. ग्रीन कार्डधारक प्रायोजकांनी तर मुळीच नाही, कारण अग्रक्रम तारीख त्या दिवशीच मिळते आणि पुढे प्रायोजक नागरिक झाल्यास तोच अर्ज निकटतम नातेवाइकाच्या गटात जातो. जोडीदार व्हिसा कुठे घेणार, या अर्जातील प्रश्नाला अशा वेळी मुंबई असे उत्तर देणे सोयीचे पडते. नंतर जोडीदार वैधपणे अमेरिकेत आला, तर मंजूर आय-१३० च्या आधारे आय-४८५ भरता येतो. उलट अर्जात अमेरिका लिहून नंतर मुंबईकडे वळायचे म्हटले, तर आय-८२४ हा आणखी एक अर्ज, त्याचे शुल्क आणि आणखी काही महिने मोजावे लागतात.