निवडक मजकुराचे संकेतस्थळ: यंत्राने गोळा करावे की हाताने वेचावे?

इतरत्र प्रसिद्ध होणारा मजकूर निवडून एकत्र मांडायचा आणि त्या संकेतस्थळातून उत्पन्न मिळवायचे, असा विचार करणाऱ्याने मजकूर कोण निवडणार हे सर्वांत आधी ठरवावे, कारण पुढचा खर्च, उत्पन्नाचा मार्ग आणि रोजच्या कामाचे स्वरूप त्यावरच अवलंबून राहते. पहिल्या पद्धतीत वर्तमानपत्रे आणि संस्था यांच्या फीड, म्हणजे नव्या मजकुराच्या आपोआप मिळणाऱ्या याद्या, एखाद्या प्लगइनला, म्हणजे संकेतस्थळात बसवायच्या छोट्या प्रोग्रॅमला, जोडल्या की नव्या नोंदी आपोआप पानावर येत राहतात. दुसऱ्या पद्धतीत कोणी तरी बसून वाचतो, गाळतो, उरलेल्यावर चार ओळींचे टिपण लिहितो आणि मूळ मजकुराचा दुवा देतो. पुण्यातील व्याख्याने, मैफली, नाटके आणि प्रदर्शने यांचे संकेतस्थळ मी चालवतो आणि त्यासाठी काही काळ ही दोन्ही रूपे शेजारी शेजारी चालवून पाहिली आहेत. त्यामुळे पुढील मते माझ्या विषयापुरती आणि माझ्या शहरापुरती आहेत, हे लक्षात ठेवूनच वाचावीत.

यंत्राच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. गणेशोत्सवात किंवा डिसेंबरमध्ये, जेव्हा शहरात एकाच संध्याकाळी अनेक ठिकाणी काही ना काही असते, तेव्हा एका माणसाच्या नजरेतून निसटणारे कार्यक्रम फीडच्या जाळ्यात सापडतात. आजारपणात किंवा प्रवासातही संकेतस्थळ शिळे दिसत नाही आणि एकदा घडी बसली की मासिक खर्च होस्टिंगच्या, म्हणजे संकेतस्थळ ठेवण्याच्या जागेच्या भाड्याच्या, पलीकडे फारसा जात नाही. ज्याला नोकरी सांभाळून हे काम करायचे आहे, त्याला या गोष्टींचे आकर्षण वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

माझा निर्णय मात्र एकाच त्रासाने झाला आणि तो त्रास पुनरुक्तीचा होता. मराठीत एकाच स्थळाला आणि एकाच संस्थेला आपण अनेक नावांनी ओळखतो, आणि वाचणाऱ्या माणसाला त्यात काहीच अडचण येत नाही. बालगंधर्व रंगमंदिर एका बातमीत पूर्ण नावाने येते, दुसरीत नुसते ‘बालगंधर्व’ म्हणून, तर तिसरीत ‘जंगली महाराज रस्त्यावरील रंगमंदिर’ म्हणून. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर कुठे ‘भांडारकर संस्था’ होते, कुठे इंग्रजी आद्याक्षरांचे ‘बोरी’. कोथरूडचे यशवंतराव चव्हाण नाट्यगृह आणि मुंबईचे यशवंतराव चव्हाण सेंटर यांतील फरक पुणेकराला सांगावा लागत नाही, पण प्लगइनला तो कळत नाही. परिणामी एकच मैफल पानावर तीन-चार वेळा, वेगवेगळ्या शीर्षकांखाली दिसे. न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला उन्हाळ्यात आली की हा गोंधळ कळसाला पोहोचत असे, कारण तिथे दर संध्याकाळी नवे व्याख्यान असते आणि प्रत्येक व्याख्यानाची आधी घोषणा, मग आठवण आणि दुसऱ्या दिवशी वृत्तान्त येतो. कालचा वृत्तान्त आणि उद्याची घोषणा यांतला भेद यंत्राला न कळल्याने होऊन गेलेले व्याख्यान ‘आगामी’ या मथळ्याखाली झळकत राही.

पुनरुक्ती ओळखणारी सोय बहुतेक प्लगइनमध्ये असते, हे मला माहीत आहे. ती प्रामुख्याने दुवा किंवा शीर्षक तंतोतंत जुळते का, एवढेच पाहते. शीर्षक अगदी सारखे असले तरी मराठीत आणखी एक अडचण आहे. ‘येणाऱ्या’, ‘दुसऱ्या’ यांसारख्या शब्दांतील अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, दोन प्रकारे लिहिला जातो, एकदा नुक्त्याच्या ऱ ने आणि एकदा साध्या र नंतर न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते दोन निराळे शब्द ठरतात. मी शब्दांची रूपे एकसारखी करणारे नियम लिहून पाहिले आणि त्यांनी काही प्रमाणात फायदाही झाला. पण नियमांची यादी सांभाळण्यात जितका वेळ जाऊ लागला, तितक्या वेळात मी स्वतः बातम्या वाचून निवड करू शकत होतो. शिवाय एकच गोष्ट तीनदा वाचावी लागलेला वाचक तक्रार करत नाही, तो यायचाच थांबतो, आणि माझ्या मते हे नुकसान भरून निघणे सर्वांत कठीण असते.

या संदर्भात टेकमीम या तंत्रज्ञान-बातम्यांच्या संकेतस्थळाचे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. गेब रिवेरा यांनी ते 2005 मध्ये पूर्णपणे संगणकीय निवडीवर सुरू केले होते आणि डिसेंबर 2008 मध्ये त्यांनी मानवी संपादक नेमल्याचे जाहीर केले. ज्याचा प्रोग्रॅम इतका चांगला होता त्यालाही माणसाची जोड घ्यावीशी वाटली, ही गोष्ट इंग्रजीतली असली तरी मराठीत काम करणाऱ्याने विचारात घेण्यासारखी आहे.

उत्पन्नाच्या बाबतीत यंत्राची वाट साहजिकच जाहिरातींकडे जाते. अ‍ॅडसेन्स ही गूगलची जाहिरातसेवा मराठी संकेतस्थळे स्वीकारते, पण दुसऱ्यांचा मजकूर भाष्य, निवड किंवा अन्य काही भर न घालता जसाच्या तसा दाखवणाऱ्या पानांवर जाहिराती नकोत, असे गूगलच्या प्रकाशक-धोरणात स्पष्ट लिहिलेले आहे. मार्च 2024 पासून मोठ्या प्रमाणावर निर्माण केलेल्या निरुपयोगी पानांविरुद्ध शोधयंत्राचे नियमही कडक झाले आहेत. मान्यता मिळाली तरी देयकासाठी 100 डॉलरचा उंबरठा गाठावा लागतो आणि स्थानिक मराठी विषयावर तो गाठायला माझ्या अनुभवात बराच धीर लागतो. हाताने निवड केलेल्या रूपाला वाचक कमी मिळाले, पण ते दर आठवड्याला परत येत राहिले. त्यांच्याकडून वार्षिक वर्गणी मागता आली आणि शहरातील काही पुस्तकविक्रेत्यांनी व संगीतवर्गांनी प्रायोजकत्वही दिले. खात्यातून ठरलेली रक्कम आपोआप वळती करणाऱ्या यूपीआय ऑटोपेमुळे वर्गणीचे नूतनीकरण पूर्वीइतके किचकट राहिलेले नाही. निवडीसाठी लोक पैसे देतात का, अशी शंका असेल तर रीडर्स डायजेस्टचा इतिहास पाहावा. 1922 मध्ये सुरू झालेल्या या मासिकाच्या अमेरिकी आवृत्तीने 1955 पर्यंत जाहिराती घेतल्याच नव्हत्या.

कायद्याविषयी थोडक्यात सांगतो. कार्यक्रमाची तारीख, वेळ आणि स्थळ ही माहिती कोणाच्या मालकीची नसते, पण बातमीची शब्दरचना आणि छायाचित्र यांना 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे संरक्षण असते. फीडमधून पूर्ण लेख आणि चित्र ओढून घेणारी सेटिंग त्यामुळे बंदच ठेवावी. स्वतःच्या शब्दांत टिपण लिहिणाऱ्याला ही चिंता बरीच कमी असते.

तरीही प्रत्येकाने हातानेच निवड करावी, असा माझा आग्रह नाही. नवी पेठेत आणि सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांसाठी कोणी सरकारी भरतीचे संकेतस्थळ काढत असेल, तर मी त्याला बहुधा यंत्राचीच वाट सुचवेन. भरतीच्या जाहिरातीला सहसा ठरावीक क्रमांक असतो, अर्जाची अंतिम तारीख नेमकी दिलेली असते आणि वाचकाला टिपणापेक्षा तत्परता हवी असते. तिथे पुनरुक्ती ओळखणे यंत्राला सहज जमते. कृषी उत्पन्न बाजार समितीचे भाव किंवा निविदा यांनाही हेच लागू पडते. पण ज्या विषयात एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत सांगितली जाते, म्हणजे साहित्य, संगीत, नाटक, इतिहास, खाद्यसंस्कृती, तिथे माझा कल हाताच्या निवडीकडेच राहील.

फीड मी आजही वापरतो, मात्र त्या माझ्या खासगी वाचनयादीत असतात आणि तिथून थेट पानावर काहीही जात नाही. सकाळी यादी चाळायची, निवडलेल्या कार्यक्रमांची तारीख आयोजकांच्या पत्रिकेशी ताडून पाहायची आणि मगच टिपण लिहायचे, असा क्रम मला मानवला आहे. आपण यंत्राची वाट घेणार असाल, तर प्लगइनवर पैसे खर्च करण्यापूर्वी आपल्या विषयातील स्थळे आणि संस्था यांची सर्व प्रचलित नावे एका तक्त्यात लिहून काढावीत. दर आठवड्याला त्या तक्त्यात नवी भर पडत राहिली, तर तो विषय अजून यंत्रावर सोपवण्याजोगा झालेला नाही, असे मी समजेन.